क्लोट्रिमॅझोलचं इमल्जेल: सूत्र ठरवण्यापासून चाचण्यांपर्यंत

गजकर्ण, नायटा, चिखल्या यांची बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते. या थराला स्ट्रॅटम कॉर्नियम म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर असते. तळहात-तळपायांवर मात्र तो कितीतरी जाड असतो. म्हणजे औषधाला फार खोल जायचं नाही. त्याने या थरात शिरावं, तिथेच साठावं आणि रक्तात शक्य तितकं कमी उतरावं, एवढंच काम आहे. तरीही प्रकल्प-अहवालांत सूत्राची निवड बहुतेक वेळा ‘चाचणीतल्या पडद्यापलीकडे सर्वांत जास्त औषध कोणी सोडलं’ या एकाच निकषावर होते. सांधेदुखीच्या जेलला तो निकष चालेल. बुरशीच्या जेलला तो अर्धवट पडतो, आणि पुढची सगळी निवड त्यामुळे चुकत जाते.

हा लेख औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी आहे. घरी बनवून अंगाला लावायची ही वस्तू नव्हे.

इमल्जेल कशासाठी?

बुरशीवरची बहुतेक औषधं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही सगळी तेलाकडे ओढा असलेली. साध्या पाण्याच्या जेलमध्ये ती घातली तर विरघळत नाहीत, नुसती तरंगत राहतात. मलमात विरघळवता येतील, पण मलम चिकट, कपड्यांना लागणारं, आणि जांघेत किंवा बोटांच्या बेचक्यात ओल कोंडून ठेवणारं. बुरशीला नेमकं तेच हवं असतं. इमल्जेलमध्ये औषध तेलाच्या बारीक थेंबांत विरघळलेलं असतं आणि ते थेंब पाण्याच्या जेलमध्ये अडकलेले असतात. लावल्यावर ते सहज पसरतं, धुतल्यावर निघतं, आणि जेलच्या घट्टपणामुळे थेंब एकत्र येऊन वर तरंगत नाहीत.

फ्लुकोनॅझोल हा याला अपवाद. ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, त्यामुळे त्यासाठी इमल्जेलचा खटाटोप क्वचितच लागतो. नखाच्या बुरशीसाठीही हा मार्ग निवडू नये. नखाची रचना वेगळी आहे आणि तिथे नेलपेंटसारखे लेप जास्त उपयोगी पडतात.

आधी विद्राव्यता, मग बाकी सगळं

नमुन्यासाठी १ टक्का क्लोट्रिमॅझोल धरू. १०० ग्रॅम इमल्जेलमध्ये १ ग्रॅम औषध आणि १० ग्रॅम तेल असेल, तर तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला १०० मिलिग्रॅम औषध पेलावं लागेल. हा साधा हिशेब न करताच लिक्विड पॅराफिन घेतलं जातं, कारण पाठ्यपुस्तकातल्या इमल्शनमध्ये (तेल-पाण्याच्या एकजीव मिश्रणात) ते असतं. क्लोट्रिमॅझोल त्यात फारच कमी विरघळतं. मग औषध इथेनॉलमध्ये विरघळवून इमल्शनमध्ये ओतायची पळवाट काढली जाते. त्या दिवशी जेल छान दिसतं, पण इथेनॉल पाण्यात पसरल्यावर औषधाला आधार उरत नाही आणि आठवड्याभरात सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे स्फटिक दिसू लागतात. तोवर ‘औषधाचं प्रमाण ९९ टक्के’ असा निकाल नोंदवून झालेला असतो, कारण मिथेनॉलमध्ये काढताना स्फटिकही विरघळतात आणि चाचणीला काहीच कळत नाही.

म्हणून पहिलं काम विद्राव्यतेचं. झाकणाच्या छोट्या बाटल्यांत प्रत्येकी २ ग्रॅम तेल घ्या, तळाशी न विरघळलेलं औषध उरेल इतकं जास्तीचं औषध घाला आणि २५ अंश सेल्सिअसला ४८ ते ७२ तास हलवत ठेवा. औषध संपलेलं दिसलं तर आणखी घाला. नंतर सेंट्रिफ्यूज करा, वरचा भाग ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा, मिथेनॉलने विरल करा आणि मोजा. ओलेइक आम्ल, आयसोप्रोपिल मिरिस्टेट, प्रॉपिलीन ग्लायकॉल मोनोकॅप्रिलेट, मध्यम साखळीची ट्रायग्लिसराइड्स ही तपासायची नेहमीची मंडळी. एकेक तेल तपासून झाल्यावर ज्या मिश्रणाचा ऑइल फेज (सूत्रातला तेलाचा भाग) करणार आहात, ते मिश्रणही तपासा. दोन तेलांच्या आकड्यांची सरासरी काढून भागत नाही.

विद्राव्यता जितकी जास्त तितकं चांगलं, हा समज मात्र काढून टाकावा. तेलात औषध फार सुखाने राहत असेल तर ते तेल सोडून त्वचेत जायला तयार होत नाही. ऑइल फेज संपृक्ततेच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत भरलेला ठेवणं हा व्यवहारी मध्य. वरच्या हिशेबात याचा अर्थ, ऑइल फेजची संपृक्त विद्राव्यता ग्रॅमला १३० ते १४० मिलिग्रॅमच्या आसपास हवी. आकडा याहून बराच कमी आला तर तेल वाढवा किंवा बदला. फार जास्त आला तर आयसोप्रोपिल मिरिस्टेटचा वाटा वाढवून तो खाली आणा.

एचएलबीचा हिशेब

तेल-पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या घटकाला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याचा ओढा पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती, हे सांगणारा आकडा म्हणजे एचएलबी; आकडा जितका मोठा तितका पाण्याकडे ओढा जास्त. ऑइल फेज ४ ग्रॅम ओलेइक आम्ल आणि ६ ग्रॅम आयसोप्रोपिल मिरिस्टेट असा धरू. पाण्यात तेल या प्रकारच्या इमल्शनसाठी ओलेइक आम्लाला सुमारे १७, तर आयसोप्रोपिल मिरिस्टेटला सुमारे ११.५ एचएलबी लागतं. मिश्रणासाठी: ०.४ × १७ + ०.६ × ११.५ = १३.७.

सर्फॅक्टंट दोन घेऊ: ट्वीन ८० चं एचएलबी १५, स्पॅन ८० चं ४.३. ट्वीनचा वाटा = (१३.७ − ४.३) ÷ (१५ − ४.३) = ०.८८. एकूण ५ ग्रॅम सर्फॅक्टंट असेल तर ट्वीन ४.४ ग्रॅम आणि स्पॅन ०.६ ग्रॅम.

हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे. तेलात विरघळलेलं औषध आणि प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून घातलेलं बेंझिल अल्कोहोल दोन्ही त्याला सरकवतात. १२.७, १३.७ आणि १४.७ अशी तीन इमल्शन करून २४ तास ठेवा, मग ३००० आरपीएमला ३० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. सर्वांत कमी साय ज्यावर येते ते घ्या. ५ टक्क्यांनी इमल्शन टिकत नसेल तर सर्फॅक्टंट वाढवण्याआधी एचएलबी आणि होमोजनायझर (थेंब बारीक करणारं यंत्र) तपासा. जास्त सर्फॅक्टंटने त्वचा चुरचुरते, आणि बुरशीची त्वचा आधीच खाजवून सोललेली असते.

१०० ग्रॅमचं सूत्र

ऑइल फेज: क्लोट्रिमॅझोल १ ग्रॅम, ओलेइक आम्ल ४ ग्रॅम, आयसोप्रोपिल मिरिस्टेट ६ ग्रॅम, स्पॅन ८० ०.६ ग्रॅम, बेंझिल अल्कोहोल १ ग्रॅम, बीएचटी ०.०५ ग्रॅम.

वॉटर फेज: ट्वीन ८० ४.४ ग्रॅम, प्रॉपिलीन ग्लायकॉल ८ ग्रॅम, शुद्ध पाणी २२ ग्रॅम.

जेलचा भाग: कार्बोपॉल ९८० (जेल घट्ट करणारं पॉलिमर) ०.८ ग्रॅम, शुद्ध पाणी ४९.२ ग्रॅम.

शेवटी: ट्रायइथेनॉलअमाईनचं (पीएच वाढवून कार्बोपॉल घट्ट करणाऱ्या अल्कलीचं) पाण्यातलं ५० टक्के द्रावण, पीएच ६.० ते ६.५ येईपर्यंत, मग पाण्याने १०० ग्रॅम.

प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून पॅराबेन न घेता बेंझिल अल्कोहोल घेतलं त्याला कारण आहे. पॅराबेन ट्वीन ८० च्या मायसेलमध्ये (रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांत) अडकतात आणि जंतूंसाठी पाण्यात फारसे उरत नाहीत. बेंझिल अल्कोहोललाही हा त्रास होतो, पण कमी. शिवाय ते औषध विरघळवायला हातभार लावतं. बीएचटी आहे ते ओलेइक आम्ल खवट होऊ नये म्हणून.

कार्बोपॉल ९४० ऐवजी ९८० का? ९३४ आणि ९४० हे जुने प्रकार बेंझिनमध्ये बनतात आणि त्याचा अंश पॉलिमरमध्ये राहतो. बेंझिन हे टाळायच्या विद्रावकांच्या पहिल्या वर्गातलं, मर्यादा २ पीपीएम. जुन्या शोधनिबंधातलं सूत्र उचलताना एवढा बदल करूनच घ्यावा.

कृती

कार्बोपॉल आदल्या दिवशी भिजवा. पाणी ८०० ते १००० आरपीएमला ढवळत ठेवा म्हणजे भोवरा पडेल, आणि बारीक चाळणीतून पावडर त्या भोवऱ्याच्या कडेवर हळूहळू भुरभुरा. एकदम ओतली तर वरून ओलं, आतून कोरडं अशा गुठळ्या होतात आणि त्या नंतर कितीही ढवळलं तरी सुटत नाहीत. अर्ध्या तासाने वेग कमी करा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी मिश्रण धुरकट, पातळ आणि पीएच ३ च्या आसपास असतं. ते पातळ असतानाच आतली हवा वर निघून जाते, म्हणून घाईने घट्ट करू नका.

ऑइल फेजमध्ये औषध वगळून सर्व घटक एकत्र करून ५० ते ५५ अंशांपर्यंत तापवा, मग औषध घालून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळा. एकही कण दिसत असेल तर पुढे जाऊ नका. यात मेण नाही, त्यामुळे ७०-७५ अंशांची गरज नाही. ते तापमान मेणाच्या क्रीममधून इथे सवयीने आलं आहे. वॉटर फेज त्याच तापमानाला आणा. दोन्हींत ५ अंशांपेक्षा जास्त फरक नको.

आता ऑइल फेज बारीक धारेने वॉटर फेजमध्ये सोडा, ढवळणं ८०० ते १००० आरपीएमला चालू. सगळं गेल्यावर होमोजनायझर ६००० ते ८००० आरपीएमला ५ मिनिटं चालवा. डोकं पूर्ण बुडालेलं हवं. अर्धवट वर राहिलं तर हवा खेचून फेस होतो. नंतर हळू ढवळत ३० अंशांपर्यंत गार होऊ द्या आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा: थेंब सारखे, बहुतेक ५ मायक्रोमीटरच्या आतले हवेत.

हे इमल्शन कार्बोपॉलच्या पातळ मिश्रणात ओता, ३०० ते ४०० आरपीएमला १० मिनिटं मिसळा. होमोजनायझर इथून पुढे बंद. जोरदार घासणीने कार्बोपॉलच्या साखळ्या तुटतात आणि गेलेला घट्टपणा परत येत नाही. बरेच जण जेल आधी घट्ट करून मग इमल्शन १:१ मिसळतात. तसंही जमतं, पण घट्ट जेलमध्ये इमल्शन सारखं मिसळायला वेळ लागतो, आणि मधे शिरलेले हवेचे बुडबुडे महिनाभर तिथेच बसतात.

लगेच पीएच वाढवायला घ्या. क्लोट्रिमॅझोल आम्लात तुटतं. पीएच ३ च्या मिश्रणात ते रात्रभर ठेवू नका, अर्ध्या तासात काम संपवा. ट्रायइथेनॉलअमाईन थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक वेळी मिसळून पीएच बघा. पीएच ५ च्या पुढे जेल झपाट्याने घट्ट होतं आणि ढवळणारं पातं स्वतःभोवतीच भोक पाडून फिरू लागतं. तेव्हा रुंद पातं किंवा सपाट स्पॅच्युला घ्या. या सूत्रात एक खोच आहे. ओलेइक आम्लही थोडं ट्रायइथेनॉलअमाईन खातं आणि साबण बनवतं. त्यामुळे आज ६.३ दाखवणारा पीएच उद्या सकाळी खाली आलेला असतो. अंतिम पीएच २४ तासांनी मोजा, गरज असेल तर एक-दोन थेंब घाला, आणि वजन पाण्याने पुरं करा. ट्रायइथेनॉलअमाईन असलेल्या सूत्रात ब्रोनोपॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह कधीही नको, कर्करोगकारक नायट्रोसअमाईन तयार होण्याचा धोका असतो.

औषध बदललं तर

हेच सूत्र दुसऱ्या औषधाला जसंच्या तसं लावता येत नाही. टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइड हे क्षार (सॉल्ट) आहे. कार्बोपॉल क्षारांना फार नाजूक. जेल डोळ्यांदेखत पातळ होतं, आणि धनभारित औषध पॉलिमरच्या ऋणभारित गटांना चिकटून बसतं. अशा वेळी एचपीएमसी के४एम हे दुसरं जेल करणारं पॉलिमर २ ते ३ टक्के घ्यावं. त्याची पावडर एक तृतीयांश पाण्यात ८० ते ९० अंशांना पसरवायची आणि उरलेलं पाणी गार घालायचं. थेट गार पाण्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. केटोकोनॅझोल (२ टक्के) हवेने ऑक्सिडीकरण होऊन गुलाबीसर होतं. ते रोखायला सोडियम सल्फाइट घातलं तर तेही क्षार असल्याने पुन्हा कार्बोपॉल पातळ होतं, म्हणून तिथेही एचपीएमसी सोयीचं.

स्फटिकांची तपासणी

सगळ्या चाचण्यांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगणारी चाचणी हीच. २४ तास, ७ दिवस आणि महिन्याने ध्रुवीकृत प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली थोडं जेल बघा. थेंब गडद दिसतात, स्फटिक लख्ख चमकतात. एक नमुना ४ अंशांना ठेवून त्याच्याशी तुलना करा.

दुसरी पायरी क्वचितच केली जाते. काचपट्टीवर जेलचा अगदी पातळ लेप ओढा, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० मिलिग्रॅम. पट्टी ३२ अंशांना उघडी ठेवा आणि २ व ४ तासांनी बघा. या सूत्रात ७० टक्क्यांहून जास्त पाणी आहे. लावल्यावर ते उडून जातं, बेंझिल अल्कोहोलही हळूहळू उडतं, आणि त्वचेवर उरतो तो तेल, ग्लायकॉल, सर्फॅक्टंट आणि पॉलिमरचा थर. रुग्णाच्या त्वचेत औषध जातं ते या थरातून, ट्यूबमधल्या जेलमधून नव्हे. इथे दाट स्फटिक उगवत असतील तर फ्रान्झ सेलमधला (पडद्यातून किंवा त्वचेतून खालच्या द्रवात किती औषध उतरतं ते मोजणाऱ्या पात्रातला) सुंदर आलेख फसवा आहे.

मोजमापं

चिकटपणा ब्रूकफिल्ड व्हिस्कोमीटरवर २५ अंशांना मोजा आणि स्पिंडल (जेलमध्ये फिरणारी दांडी), आरपीएम व किती सेकंदांनी वाचलं ते लिहा. हे जेल ढवळल्यावर पातळ होणारं आहे, त्यामुळे या तिन्हींशिवाय आकड्याला अर्थ नाही. पसरण्यासाठी १ ग्रॅम जेल दोन काचांमध्ये ठेवून वर १२५ ग्रॅम वजन, मिनिटानंतर व्यास. आपल्याच सूत्रांची आपापसात तुलना करायला एवढं पुरतं.

औषधाचं प्रमाण काढताना १ ग्रॅम जेल मिथेनॉलमध्ये ३० मिनिटं सॉनिकेट करून (ध्वनिलहरींनी हलवून) १०० मिलिलिटर करा, म्हणजे मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. फिल्टर करण्याआधी सेंट्रिफ्यूज केलं नाही तर फुगलेलं कार्बोपॉल फिल्टर तुंबवतं. नमुना ट्यूबच्या वरून, मधून आणि तळातून घ्या. इथे साधं यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून मोजणं) वापरू नका. क्लोट्रिमॅझोलचं शोषण २६० नॅनोमीटरच्या आसपास आणि तेही दुबळं. बेंझिल अल्कोहोल नेमकं त्याच पट्ट्यात शोषतं, आणि सूत्रात दोन्ही सारख्याच वजनाने आहेत. एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) हवंच, आणि औषध नसलेलं जेल त्याच पद्धतीने चालवून बघायलाच हवं.

फ्रान्झ सेल: दोन वेगळे प्रश्न

कृत्रिम पडद्यातून औषध सुटण्याची चाचणी फक्त सांगते की जेल औषध सोडतं का आणि दर वेळी सारखंच सोडतं का. सहा सेल, ३२ अंश, पडदा औषधाला अडवणारा नको. डायलिसिसचा पडदा बऱ्याचदा स्वतःच अडसर होतो आणि सगळी सूत्रं सारखी दिसतात. क्लोट्रिमॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून खालच्या द्रवात ३० ते ५० टक्के इथेनॉल लागतं. चाचणीच्या शेवटीही तिथलं प्रमाण संपृक्ततेच्या एक दशांशाच्या आत हवं. नुसता फॉस्फेट बफर घेतला की ‘औषध हळूहळू, नियंत्रितपणे सुटतं’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात खालचा द्रव भरून गेलेला असतो, एवढंच. सुटलेलं औषध वेळेच्या वर्गमुळासमोर मांडा. सरळ रेषेचा उतार हा तुलनेचा आकडा.

दुसरा प्रश्न, त्वचेत किती साठलं? त्यासाठी डुकराच्या कानाची त्वचा घ्या. उंदराची त्वचा माणसापेक्षा बरीच जास्त झिरपते. मात्रा दर चौरस सेंटिमीटरला ५ ते १५ मिलिग्रॅमच. इथे खालच्या द्रवात ५० टक्के इथेनॉल चालणार नाही, ते त्वचेचा अडथळाच मोडतं. अल्ब्युमिन किंवा सौम्य सर्फॅक्टंट घाला. २४ तासांनी पृष्ठभाग पुसा, मग चिकटपट्टीने थर सोला. पहिली पट्टी वर उरलेल्या जेलची म्हणून वेगळी ठेवा, पुढच्या १५ ते २० पट्ट्या एकत्र काढून औषध मोजा. उरलेली त्वचा वेगळी, खालचा द्रव वेगळा. पुसलेलं, पट्ट्यांतलं, त्वचेतलं आणि द्रवातलं औषध मिळून लावलेल्या मात्रेच्या ९० ते ११० टक्के भरलं नाही तर आकडे जाहीर करू नका. सूत्र निवडायचं ते पट्ट्यांमधल्या औषधावर. पट्ट्यांत भरपूर आणि द्रवात जेमतेम, हे या कामात अपयश नव्हे. हेच हवं आहे.

बुरशीवरची चाचणी

सबुरॉ डेक्स्ट्रोज अगारमध्ये (बुरशी वाढवायच्या माध्यमात) ८ मिलिमीटरचे कप पाडून त्यांत जेल भरणं आणि भोवती बुरशी न वाढलेलं वलय मोजणं ही रूढ पद्धत. कॅन्डिडाला ३० ते ३५ अंश आणि २४ ते ४८ तास पुरतात, ट्रायकोफायटॉनला (गजकर्णाच्या बुरशीला) २५ ते २८ अंशांना आठवडा किंवा जास्त लागतो. गजकर्णाच्या जेलचा दावा असेल तर केवळ कॅन्डिडावर थांबणं बरोबर नाही. वलयाचा आकार बराचसा अगारमध्ये औषध किती पसरतं यावर ठरतो. सर्फॅक्टंट जास्त असलेलं सूत्र त्यामुळे उगाच मोठं वलय देतं, आणि बेंझिल अल्कोहोल स्वतःही बुरशीला रोखतं. औषधाविना जेलचा कप प्रत्येक प्लेटमध्ये ठेवावा.

टिकाव आणि ट्यूब

४ अंश आणि ४५ अंश, प्रत्येकी ४८ तास, अशी सहा चक्रं ही लवकर कौल देणारी चाचणी. त्यातून पार पडलेलं सूत्रच ४० अंश व ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने ठेवायला घ्या. दर वेळी पीएच, चिकटपणा, थेंबांचा आकार, स्फटिक, औषधाचं प्रमाण आणि क्लोट्रिमॅझोल तुटून होणारा क्लोरोफिनाइल-डायफिनाइल-मिथेनॉल हा पदार्थ मोजा. पीएच खाली सरकू लागला की हा पदार्थ वाढतोच.

नमुने काचेच्या बरणीत ठेवून ट्यूबचा दावा करू नये. साध्या प्लास्टिक ट्यूबमधून पाणी उडून जेल आकसतं आणि औषधाची टक्केवारी वाढलेली दिसते, म्हणून प्रत्येक ट्यूबचं वजन सुरुवातीला लिहून ठेवा. आतून लाखेचा लेप नसलेल्या अ‍ॅल्युमिनियम ट्यूबमध्ये तोंडाजवळचं जेल काळपट पडू शकतं. लॅमिनेट ट्यूब घेतली तर हा प्रश्न येत नाही. बेंझिल अल्कोहोल मात्र काही प्लास्टिकमध्ये शोषलं जातं, म्हणून सहा महिन्यांनी त्याचंही प्रमाण एचपीएलसीवर तपासा. ते कमी झालं असेल तर प्रिझर्व्हेटिव्हची चाचणी त्या जुन्या नमुन्यावर करा, ताज्यावर नको.